वर्षभराचं मौन

थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मलेल्या मुलाची रात्र सुईने सुरू व्हायची. जेवणं आटोपली की आई पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली बारीक सुई टोचायची, नळीने ती एका छोट्या पंपाला जोडायची आणि मग आठ ते बारा तास तो पंप थेंबाथेंबाने औषध आत सोडत राहायचा. आठवड्यातल्या पाच-सहा रात्री हे करायचं, आणि तेही आयुष्यभर.

या पंपाची गरज का पडायची, ते आधी पाहायला हवं. या मुलांच्या शरीराला धड हिमोग्लोबिन तयार करता येत नाही. त्यामुळे दर दोन ते चार आठवड्यांनी त्यांना बाहेरून रक्त चढवावं लागतं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात येतं, आणि माणसाचं शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह बाहेर टाकू शकतं. उरलेलं यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साचत जातं. ज्या रक्तावर मूल जगतं, त्याच रक्तातलं लोह त्याचं हृदय निकामी करू लागतं. पंपातलं औषध, डेफेरोक्सामीन, हे लोह पकडून लघवी आणि शौचावाटे बाहेर काढतं. औषध चांगलं होतं, पण ते पोटातून घेता येत नव्हतं. लहानपणी आईने हात धरून टोचलेली सुई पंधरा-सोळा वर्षांची मुलं टाळू लागत, आणि टाळलेल्या प्रत्येक रात्रीचा हिशेब हृदयात जमा होत राही.

गोळीच्या रूपात असं औषध मिळालं तर? ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात ‘एल-१’ या नावाने ओळखलं जाणारं एक संयुग तयार झालं. त्याचं पुढचं नाव डेफेरिप्रोन. टोरांटोच्या ‘हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन’ या नामांकित बालरुग्णालयात रक्तविकारतज्ज्ञ डॉ. नॅन्सी ऑलिव्हिएरी थॅलेसेमियाच्या रुग्णांवर उपचार करत होत्या. टोरांटो विद्यापीठाशी जोडलेलं हे रुग्णालय. १९८९ मध्ये ऑलिव्हिएरींनी आपल्या रुग्णांवर या गोळीचा अभ्यास सुरू केला. सुरुवातीचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे होते. मोठी चाचणी करायची तर पैसा हवा होता, म्हणून त्या कॅनडाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे गेल्या. तिथे त्यांना उद्योगातला भागीदार शोधायला सांगितलं गेलं. सार्वजनिक निधी आणि खासगी निधी एकत्र आले पाहिजेत, हे तेव्हाचं सरकारी धोरणच होतं. भागीदार मिळाला तो अपोटेक्स, कॅनडातली मोठी जेनेरिक औषध कंपनी.

एप्रिल १९९३ मध्ये करार झाला. त्यात एक कलम असं होतं, की चाचणी सुरू असताना आणि ती संपल्यावर वर्षभर कंपनीच्या परवानगीशिवाय माहिती कोणालाही उघड करायची नाही. ऑलिव्हिएरींनी सही केली. त्या काळात अशा कलमांकडे संशोधक फारसे बारकाईने पाहत नसत. रुग्णालयाच्या यंत्रणेनेही हरकत घेतली नाही. हे कलम पुढे कधी गळ्याशी येईल, असं कोणालाच वाटलं नव्हतं.

१९९५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. डेफेरिप्रोनने लोह कमी होत होतं. डॉक्टर खूश, कंपनी खूश, रुग्ण तर आणखीच खूश.

१९९६च्या सुरुवातीला आकडे बदलले. काही रुग्णांमध्ये औषधाचा परिणाम ओसरत चालला होता आणि यकृतातलं लोह पुन्हा धोक्याच्या पातळीकडे चढत होतं. ऑलिव्हिएरींनी हे कंपनीला कळवलं. कंपनीला त्यांचा अर्थ मान्य नव्हता. तसं असण्यात गैर काही नाही, कारण आकड्यांचा अर्थ लावताना मतभेद होतातच. प्रश्न पुढच्या पायरीवर उभा राहिला. त्या रुग्णालयाच्या संशोधन नीतिसमितीकडे गेल्या. समितीने सांगितलं, की रुग्णांना ही जोखीम कळली पाहिजे आणि संमतिपत्रात तसा बदल करा. ऑलिव्हिएरींनी नवा मजकूर तयार केला. २४ मे १९९६ रोजी कंपनीने चाचण्या थांबवल्या आणि त्याच वेळी बजावलं, की रुग्णांना किंवा इतर कोणालाही याबद्दल सांगितलं तर कायदेशीर कारवाई होईल.

इथे क्षणभर थांबायला हवं. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातला संवाद हा वैद्यकाचा पाया आहे. पोटात काय जातंय आणि त्याने काय होऊ शकतं, हे रुग्णाला डॉक्टरने सांगायचं असतं. नीतिसमितीने तेच सांगायला सांगितलं होतं. आणि एक व्यापारी करार त्या संवादाच्या मध्ये उभा राहून म्हणत होता, की आधी आमची परवानगी घ्या.

ऑलिव्हिएरींनी रुग्णांना सांगितलं. १९९७च्या सुरुवातीला त्यांना दुसरी, अधिक गंभीर शंका आली. यकृतातून काढलेल्या ऊतीच्या नमुन्यांमध्ये काही रुग्णांचं यकृत कडक, तंतुमय होत चाललेलं दिसत होतं. त्यांनी पुन्हा रुग्णांना सांगितलं, पुन्हा कायदेशीर इशारे आले. ऑगस्ट १९९८ मध्ये हे निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्येच छापून आले. डेफेरिप्रोन घेणाऱ्या १४ रुग्णांपैकी ५ जणांमध्ये तंतुमयता वाढली होती. डेफेरोक्सामीन घेणाऱ्या १२ जणांपैकी एकाचीही वाढली नव्हती.

खटला भरण्याची भाषा करणाऱ्या कंपनीसमोर एखादी डॉक्टर उभी राहते, तेव्हा तिच्या मागे तिची संस्था असायला हवी. रुग्णालयाने ऑलिव्हिएरींना पुरेशी कायदेशीर मदत दिली नाही. विद्यापीठ काठावर उभं राहिलं. आणि याच काळात विद्यापीठाची अपोटेक्सशी देणगीची बोलणी चालू होती. नव्या इमारतीसाठी २ कोटी कॅनेडियन डॉलर, शिवाय संलग्न रुग्णालयांसाठी आणखी काही, अशी ती मोठी देणगी होती. १९९९ मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी थेट पंतप्रधान ज्याँ क्रेतिएन यांना पत्र लिहून औषध-पेटंटांच्या प्रस्तावित नियमांवर कंपनीच्या बाजूने शब्द टाकला. हे बाहेर आल्यावर त्यांनी माफी मागितली. नंतर कंपनीने देणगीच्या करारातून अंग काढून घेतलं.

जानेवारी १९९९ मध्ये ऑलिव्हिएरींना त्यांच्या विभागाच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आलं. ऑक्सफर्डचे सर डेव्हिड वेदरॉल आणि हार्वर्डचे डेव्हिड नेथन, थॅलेसेमियाच्या अभ्यासातली ही दोन्ही वडीलधारी नावं, त्यांच्यासाठी टोरांटोला गेली. काही आठवड्यांच्या आत तडजोड झाली आणि त्यांचं स्थान त्यांना परत मिळालं. दरम्यान त्यांच्याविषयी निनावी, विखारी पत्रं वृत्तपत्रांना आणि सहकाऱ्यांना जात होती. पाकिटांवरच्या डीएनएवरून अखेर सिद्ध झालं, की ती त्यांच्याच एका सहसंशोधकाने पाठवली होती. कॅनडाच्या विद्यापीठ शिक्षक संघटनेने नेमलेल्या तीन सदस्यांच्या स्वतंत्र समितीने ऑक्टोबर २००१ मध्ये दिलेल्या अहवालात ऑलिव्हिएरींना निर्दोष ठरवलं. ऑन्टारिओच्या वैद्यक परिषदेनेही त्यांच्यावरच्या तक्रारी फेटाळल्या. कंपनीबरोबरचे दावे-प्रतिदावे मात्र दशकाहून अधिक काळ चालू राहिले.

या कथेचा एक भाग बऱ्याचदा गाळला जातो. डेफेरिप्रोन बाद झालं नाही. युरोपात १९९९ मध्ये त्याला विशेष अटींसह परवानगी मिळाली, अमेरिकेत २०११ मध्ये. यकृताच्या तंतुमयतेबद्दल इतर गटांना ऑलिव्हिएरींसारखे निष्कर्ष मिळाले नाहीत. हृदयातलं लोह कमी करण्यात हे औषध उपयोगी ठरतं, असंही पुढे दिसलं. पांढऱ्या पेशी अचानक घटण्याचा धोका असल्याने ते घेणाऱ्याची रक्ततपासणी सतत करावी लागते, पण जगभर अनेक रुग्ण आज ते घेतात. मग ऑलिव्हिएरी चुकल्या का? चौदा रुग्णांवरचा निष्कर्ष वादग्रस्त असू शकतो, तो खोडलाही जाऊ शकतो. पण तो खोडायचा तर आधी तो समोर यायला हवा. आणि जोखीम खरी की खोटी याचा निकाल लागेपर्यंत, ती शंका तरी रुग्णाला कळायला हवी, कारण गोळी त्याच्या पोटात जाते. औषध चांगलं ठरलं म्हणून ते गप्प बसवणं क्षम्य ठरत नाही.

टोरांटोतल्या या आकड्यांचं मोल मुंबईत किती होतं, हेही पाहायला हवं. डेफेरिप्रोनला बाजारात येण्याची परवानगी जगात सर्वांत आधी मिळाली ती भारतात, १९९०च्या दशकाच्या मध्यावर. सिप्लाने ते ‘केल्फर’ या नावाने आणलं. त्याआधी मुंबईतल्या डॉक्टरांनी त्याच्या सुरुवातीच्या चाचण्याही केल्या होत्या. मुंबईलाच हे का सुचलं, त्याला कारण आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची मोठी वस्ती कल्याणजवळच्या छावणीत झाली आणि तिचंच पुढे उल्हासनगर झालं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांमध्ये थॅलेसेमियाचे वाहक मोठ्या प्रमाणावर आहेत. भारतात दरवर्षी दहा हजारांच्या आसपास मुलं हा आजार घेऊन जन्मतात, असा अंदाज सांगितला जातो. त्यातल्या बहुतेकांच्या आईबापांना डेफेरोक्सामीन आणि पंप यांचा खर्च झेपणारा नव्हता. टोरांटोच्या आईला पंप की गोळी असा प्रश्न होता. उल्हासनगरच्या आईपुढे तो गोळी किंवा काहीच नाही असा होता.

या दुसऱ्या आईसाठी गोळी हा मोठा आधार होता, यात शंका नाही. पण म्हणूनच तिच्या डॉक्टरला पूर्ण माहिती मिळणं अधिक गरजेचं होतं. टोरांटोसारख्या यकृताच्या तपासण्या इथे करणं सोपं नव्हतं. तिकडच्या रुग्णांमध्ये काय दिसतंय हे कळलं असतं, तर इकडे कोणावर जास्त लक्ष ठेवायचं हे ठरवता आलं असतं. करारातलं मौन कॅनडापुरतं नव्हतं. जिथे जिथे ती गोळी विकली जात होती, तिथपर्यंत ते पोचत होतं.

या सगळ्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवायचा मोह होतो. म्हणून दुसरं उदाहरण, तेही त्याच दशकातलं, पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बेटी डाँग या क्लिनिकल फार्मासिस्ट होत्या. थायरॉइडच्या रुग्णांना दिली जाणारी ‘सिंथ्रॉइड’ ही गोळी तेव्हा अमेरिकेत सर्वांत जास्त खपणाऱ्या औषधांपैकी एक होती. तिची स्वस्त भावंडं बाजारात होती, पण ती तितकी भरवशाची नाहीत, असं कंपनी सांगत असे. १९८७ मध्ये सिंथ्रॉइड बनवणाऱ्या फ्लिंट कंपनीने डाँग यांना ही तुलना करायला अडीच लाख डॉलर दिले. सिंथ्रॉइड श्रेष्ठ ठरेल, अशी कंपनीची अपेक्षा होती. करारात गोपनीयतेचं कलम होतंच. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय निष्कर्ष छापायचे नव्हते.

१९९०च्या अखेरीस निकाल आला. चारही गोळ्या सारख्याच निघाल्या.

तोपर्यंत सिंथ्रॉइडची मालकी ब्रिटनच्या बूट्स कंपनीकडे आली होती. पुढची चार वर्षं कंपनी डाँग यांच्या अभ्यासात दोष शोधत राहिली आणि विद्यापीठाकडे तक्रारी करत राहिली. विद्यापीठाने चौकशी केली तेव्हा किरकोळ त्रुटींपलीकडे काही आढळलं नाही. ‘जामा’ या नियतकालिकाने शोधनिबंध तज्ज्ञांकडून तपासून घेतला आणि स्वीकारला. २५ जानेवारी १९९५च्या अंकात तो येणार होता. त्याआधी काही दिवस कंपनीने कलमाची आठवण करून दिली, आणि विद्यापीठाच्या वकिलांनी डाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सांगितलं, की खटला झाला तर विद्यापीठ तुमच्या पाठीशी राहणार नाही. डाँग यांनी निबंध मागे घेतला. त्याच वर्षी कंपनीच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्याच आकडेवारीचं वेगळं विश्लेषण दुसऱ्या एका नियतकालिकात छापलं. निष्कर्ष उलटा होता, आणि त्या नियतकालिकाच्या संपादक मंडळावर तो अधिकारी स्वतः होता. १९९५ मध्येच बूट्सने आपला औषध-व्यवसाय बीएएसएफ या जर्मन कंपनीला सुमारे १४० कोटी डॉलरला विकला.

एप्रिल १९९६ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने हे प्रकरण पहिल्यांदा बाहेर काढलं. निबंध छापून आला एप्रिल १९९७ मध्ये, म्हणजे अभ्यास पूर्ण झाल्यावर सहा वर्षांहून अधिक काळाने. स्वस्त गोळ्या वापरल्या तर अमेरिकेत वर्षाला ३५ कोटी ६० लाख डॉलर वाचू शकले असते, असा त्यात अंदाज होता. हे पैसे रुग्णांच्या आणि विमा भरणाऱ्यांच्या खिशातून जात राहिले. अभ्यासात होते फक्त २२ रुग्ण. बावीस जणांच्या रक्ततपासण्यांवर एवढा पैसा टांगलेला होता, हे कळलं की कंपनीने सहा वर्षं त्यांवर हात का ठेवला असेल ते उमगतं.

खटल्याच्या धमक्या आणि निनावी पत्रं लक्षात राहतात. पण निधीचा परिणाम बहुतेक वेळा याहून कितीतरी शांतपणे होतो. २००८ मध्ये एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या १२ औषधांच्या ७४ चाचण्यांचा माग काढला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे या सगळ्यांची नोंद होती, म्हणून हे शक्य झालं. प्रशासनाच्या मते ३८ चाचण्यांचा निकाल औषधाच्या बाजूने होता, आणि त्यांतल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ नकारात्मक किंवा संशयास्पद होत्या. त्यांतल्या २२ छापल्याच गेल्या नाहीत, ११ अशा रीतीने छापल्या गेल्या की वाचणाऱ्याला औषध लागू पडलं असं वाटावं, आणि फक्त ३ जशा होत्या तशा छापल्या गेल्या. एखाद्या डॉक्टरने प्रामाणिकपणे सगळे शोधनिबंध वाचले असते, तरी त्याच्यासमोर जवळपास फक्त यशच आलं असतं. त्याला कोणी धमकावलं नव्हतं, लाच दिली नव्हती. त्याच्यापर्यंत अर्धं चित्र पोचलं होतं, एवढंच.

कंपनीच्या पैशातून झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष कंपनीला अनुकूल येण्याची शक्यता इतर चाचण्यांपेक्षा जास्त असते. कॉक्रेन या संस्थेच्या पाहणीत २०१७ मध्ये हे ७५ अभ्यासांच्या आधारे पुन्हा दिसून आलं. यासाठी आकडे खोटे लिहावे लागत नाहीत. नव्या औषधाची तुलना कोणाशी करायची, जुन्या औषधाचा डोस किती ठेवायचा, चाचणी किती महिने चालवायची, मोजायचं काय आणि सोडायचं काय, हे सगळं पहिला रुग्ण दाखल होण्याआधीच ठरतं. आणि ठरवताना टेबलाच्या एका बाजूला पैसे देणारा बसलेला असतो.

म्हणून पैसाच नको, असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. अपोटेक्सने पैसे दिले नसते, तर ऑलिव्हिएरींची मोठी चाचणी झालीच नसती. नवं औषध प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत आणण्याचा खर्च बहुतेक सरकारं उचलत नाहीत, आणि कंपन्यांनी उचललेल्या खर्चातून आलेल्या औषधांवर आज कोट्यवधी लोक जगतात. अनेक कंपन्या वाईट निकालही वेळेवर कळवतात. पण पैशाला हक्क कोणते असावेत, हे ठरवण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याकडे असता कामा नये. चाचणीचा खर्च देणाऱ्याला निकाल आधी पाहण्याचा, चुका दाखवण्याचा, पेटंटपुरता काही आठवडे थांबायला सांगण्याचा हक्क असू शकतो. धोका लपवण्याचा हक्क त्याला कोणत्याही रकमेत विकता येऊ नये.

टोरांटोने हे शिकायला आठ वर्षं घेतली. २००१ मध्ये विद्यापीठ आणि त्याच्या रुग्णालयांनी एकत्र धोरण केलं, की रुग्णाला धोका सांगण्यापासून संशोधकाला रोखणारं कलम करारात चालणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जगातल्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र संपादकीय लिहिलं, आणि ज्या अभ्यासात संशोधकाला स्वतःची आकडेवारी पाहण्याचा व छापण्याचा स्वतंत्र अधिकार नाही तो आम्ही घेणार नाही, अशी भूमिका मांडली. २००५ पासून त्याच संपादकांनी आणखी एक अट घातली. पहिला रुग्ण दाखल करण्याआधी चाचणीची सार्वजनिक नोंद झालेली असली पाहिजे. मग काय मोजायचं होतं आणि शेवटी काय छापलं, हे कोणालाही ताडून पाहता येतं. इटलीने वेगळी वाट धरली. कंपन्या जाहिरात आणि प्रचारावर जो खर्च करतात, त्याचे पाच टक्के सरकारी औषध संस्थेकडे भरायचे आणि त्यातून कंपन्यांना ज्यांत रस नाही अशा प्रश्नांवर संशोधन करायचं. जुनी, स्वस्त, पेटंट संपलेली औषधं कोण तपासणार, या प्रश्नाला हे एक खरं उत्तर आहे. कोविडच्या काळात ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने ते दाखवून दिलं. सार्वजनिक पैशातून चाललेल्या या चाचणीत जून २०२०मध्ये डेक्सामेथासोन या अत्यंत स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे कळलं.

भारताची चाचणी-नोंदणी, सीटीआरआय, जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषध नियंत्रकांनी ती बंधनकारक केली. ती कोणीही उघडून पाहू शकतो. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या रुग्णालयात चाचणीत सामील व्हायला सांगितलेल्या रुग्णाच्या मुलाने मोबाइलवर ते पान उघडलं, तर त्याला बरंच काही दिसतं. प्रायोजक कोण, पैसा कुठून आला, कोणत्या नीतिसमितीने कधी मान्यता दिली, किती रुग्ण घेणार, काय मोजणार, हे सगळं त्या पानावर असतं. प्रायोजक आणि संशोधक यांच्यातला करार मात्र तिथे नसतो. धोका दिसला तर डॉक्टरला तो रुग्णाला कोणाच्या परवानगीशिवाय सांगता येईल की नाही, हे त्या मुलाला पान कितीही खाली सरकवलं तरी सापडत नाही.